माध्यमनीती: पाठ असणं आणि हाताला वळण असणं

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. पान छपाईला सोडायला चाळीस मिनिटं उरली आहेत. तुमच्यासमोर एका सोळा वर्षांच्या मुलीची बातमी आहे. एका मोठ्या परीक्षेत ती पहिली आली. वार्ताहर तिच्या घरी गेला, तिच्याशी बोलला. तिने हसून फोटो काढू दिला, ‘हो, छापा’ म्हणाली. तो निघत असताना दारापर्यंत आलेल्या आईने हळू आवाजात सांगितलं, की मुलीचे वडील पितात, रात्री घरात आरडाओरडा चालतो, म्हणून पोरगी सगळे झोपल्यावर पहाटे तीनला उठून अभ्यास करायची. वार्ताहराने हे पहिल्याच परिच्छेदात घेतलं आहे. मथळाही सुचवला आहे: ‘दारुड्या बापाच्या घरातली हुशार लेक’.

बातमीत काहीच खोटं नाही. आईने स्वतःहून सांगितलं, मुलीने होकार दिला, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल हेही खरं. मग अडचण कुठे आहे?

हा प्रसंग मी रचलेला आहे. पत्रकारिता आणि जनसंपर्क शिकणाऱ्यांना मी तो पहिल्या तासाला देते. बहुतेक जण ‘दारुड्या’ खोडून ‘व्यसनी’ लिहितात आणि पुढच्या बातमीकडे वळतात. एखादीच कुणी विचारते, ‘मॅडम, ती ‘हो’ म्हणाली ते नक्की कशाला?’ माध्यमनीतीचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

तत्त्वं थोडी, गाठी फार

या क्षेत्राची आचारसंहिता समजायला मुळीच अवघड नाही. अमेरिकेतल्या ‘सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्स’ या संघटनेची संहिता जगभर शिकवली जाते. तिच्यात मुख्य तत्त्वं चारच आहेत: सत्य शोधा आणि सांगा, नुकसान कमीत कमी होऊ द्या, कुणाच्या दबावाखाली काम करू नका, आपल्या कामाचा जाब द्या. १९९६ मध्ये ही चार तत्त्वं ठरली. २०१४ मध्ये जाब देण्याच्या तत्त्वाला पारदर्शकतेची जोड मिळाली. एका तासात हे सगळं पाठ होतं आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुणही मिळतात.

कागदावर ही तत्त्वं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. टेबलावर काम आलं की एकमेकांच्या उरावर बसतात. ‘सत्य सांगा’ म्हणतं, वडिलांचं व्यसन छापा. ‘नुकसान टाळा’ म्हणतं, छापू नका. कोणत्या तत्त्वाने कुणापुढे मान तुकवायची, हे संहिता सांगत नाही. ते काम तिने आपल्यावर सोडलं आहे.

शिवाय दुसरी एक अडचण आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. चुका बहुतेक वेळा नियम माहीत नसल्यामुळे होत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८० च्या दशकात नैतिक वागण्याचे चार घटक मांडले. सोप्या मराठीत सांगायचं तर: इथे काही नैतिक प्रश्न आहे हे दिसणं, काय करणं योग्य हे ठरवणं, बाकीच्या मोहांपेक्षा ते वर ठेवणं, आणि शेवटी ते तडीस नेणं. चारांपैकी एक निखळलं तरी गाडी अडते. वर्गात आपण जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्यावर, म्हणजे ठरवण्यावर, घालवतो. पण ‘दारुड्या’चं ‘व्यसनी’ करून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न दिसलेलाच नसतो. न दिसलेल्या प्रश्नाचं उत्तर तो ठरवणार कसं?

म्हणून आधी दिसण्याविषयी, आणि जरा सविस्तर.

निर्णय कुठे लपलेले असतात

नैतिक निर्णय ‘मी आलो’ असं सांगत येत नाही. तो एखाद्या क्रियापदात, अव्ययात, फोटोच्या कडेला बसलेला असतो. रोज शंभर वेळा तो आपल्या हातून होतो, आणि आपण त्याला ‘भाषा’ किंवा ‘मांडणी’ म्हणतो.

क्रियापदांपासून सुरुवात करू. एक माणूस म्हणतो, ‘मी त्या रात्री तिथे होतो.’ ही बातमी चार प्रकारे लिहिता येते. तो तिथे असल्याचं त्याने सांगितलं. तो तिथे असल्याचा त्याने दावा केला. तो तिथे असल्याचं त्याने मान्य केलं. तो तिथे असल्याची त्याने कबुली दिली. शब्द त्याचे तेच आहेत. पण ‘दावा’ म्हटलं की वाचकाला तो खोटं बोलतोय असं वाटू लागतं, आणि ‘कबुली’ म्हटलं की त्याने गुन्हाच केला असं. खटला उभा राहण्याआधी निकाल लागला, आणि तो आपण लावला. मी विद्यार्थ्यांना सांगते, संशय आला की ‘म्हणाला’ लिहा. ते रटाळ वाटतं, पण त्यात कुणावर अन्याय होत नाही.

आता प्रयोग पाहा, शाळेत शिकलेले कर्तरी आणि कर्मणी. ‘जमावावर लाठीमार झाला.’ कुणी केला? ‘माहिती फुटली.’ आपोआप? ‘काही कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आलं.’ कर्ता गायब होतो तिथे बहुधा जबाबदारीही गायब होते, आणि हे फक्त बातम्यांत होत नाही. जनसंपर्काच्या खात्यात रोज लिहिलं जाणारं वाक्य घ्या: ‘कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ या वाक्यात दुखावणारा कुणी नाही, दुखावलं गेलंय की नाही याचीही खात्री नाही. दिलगिरी मात्र आहे. त्याऐवजी ‘आम्ही चुकीची माहिती दिली. तिच्यामुळे तुम्हाला त्रास झाला. आम्ही ती आज मागे घेतली आहे’ असं लिहिलं, की चूक कुणाची आणि त्रास कुणाला हे स्पष्ट दिसतं. वकील अशा वाक्यांवर लाल रेघ मारतील हे मला माहीत आहे. तो वाद घालायलाच हवा, पण निदान आपण काय लपवतोय हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

सगळ्यात छोटा आणि सगळ्यात धोकादायक वाटणारा भाग म्हणजे ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय. ‘नापास झाल्यामुळे विद्यार्थ्याची आत्महत्या.’ मथळ्यात बसतं, वाचकाला कळतं, आणि जवळजवळ नक्कीच अपुरं असतं. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. मानसिक आजार, एकटेपणा, घरातले ताण, तात्कालिक धक्का असं बरंच काही एकत्र येतं. ‘-मुळे’ लावून आपण ते सगळं पुसतो आणि नापास झालेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला नकळत सांगतो, की यावर हाही एक उपाय असतो. ही नुसती भीती नाही. गाजवलेल्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये आकडेवारीनिशी दाखवलं. उलट बाजूचा पुरावा व्हिएन्नाचा आहे. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या १९८० च्या दशकात फार भडकपणे येत. १९८७ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांनी वृत्तपत्रांना मार्गदर्शक सूचना दिल्या. वृत्तपत्रांनी त्या पाळल्या, बातम्या छोट्या झाल्या, काही छापल्याच गेल्या नाहीत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न निम्म्याहूनही बरेच खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालापासून माध्यमांसाठी याच धर्तीची मार्गदर्शिका काढली आहे: एकच कारण सांगू नका, पद्धतीचं वर्णन करू नका, मथळ्यात भडकपणा नको, आणि मदत कुठे मिळेल ते जरूर द्या. एखादं वाक्य कसं लिहायचं यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, हे इतकं शब्दशः खरं असणारी उदाहरणं थोडी आहेत.

चित्रांचंही तसंच. २७ जून १९९४ च्या अंकांवर ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन साप्ताहिकांनी अमेरिकन फुटबॉलचे माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो मुखपृष्ठावर छापला. स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले आणि फरक कुणालाही दिसू लागला: ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चेहरा अधिक काळा, कडा अधिक अंधाऱ्या. चित्रकाराने नाट्य आणण्यासाठी ते केलं होतं. पण खुनाचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा आणखी काळा केला, की पाहणाऱ्याला काय सांगितलं जातं? दुसरा अंक शेजारी नसता तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आपण फोटो उजळतो, कापतो, पार्श्वभूमी धूसर करतो तेव्हा शेजारी मूळ फोटो ठेवून पाहण्याची सवय मला म्हणूनच फार उपयोगाची वाटते. आता एका ओळीची सूचना दिली की यंत्र नवा चेहरा घडवून देतं. त्या सोयीमुळे ही सवय आणखी गरजेची झाली आहे, कारण तिथे शेजारी ठेवायला मूळ फोटोच नसतो.

चार खणांची पेटी

प्रश्न दिसला. आता ठरवायचं कसं? ‘मनाला विचारा’ हे उत्तर अपुरं आहे, कारण टेबलाभोवती पाच जण बसलेत आणि पाचांची मनं वेगवेगळं सांगताहेत.

हार्वर्डमध्ये नीतिशास्त्र शिकवणारे राल्फ पॉटर १९६० च्या दशकात अण्वस्त्रांवरच्या वादाचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की शहाणी आणि सद्हेतूची माणसंसुद्धा टोकाचे वेगळे निष्कर्ष काढतात, आणि आपलं नेमकं कुठे पटत नाही हे त्यांना सांगता येत नाही. त्यावर त्यांनी चार भागांची एक रीत मांडली. पुढे माध्यमनीतीच्या वर्गांनी ती उचलली आणि ‘पॉटर बॉक्स’ या नावाने ती रूढ झाली. कागदावर मोठी अधिकची खूण काढायची, चार खण होतात: वस्तुस्थिती, मूल्यं, तत्त्वं, बांधिलकी.

त्या मुलीची बातमी यात घालून पाहू.

पहिला खण वस्तुस्थितीचा, आणि माझ्या अनुभवात अर्ध्या गाठी इथेच सुटतात. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिने ‘हो’ म्हटलं ते आई बोलण्याच्या आधी. म्हणजे तिचा होकार परीक्षेच्या बातमीला होता. व्यसनाची ओळ तिने पाहिलेलीच नाही. आई बोलली ती दारात, वही मिटल्यावर. आपण पत्रकाराशी बोलतोय हे तिला माहीत होतं, पण हे छापून येईल असं तिच्या मनात होतं का? विचारलेलं नाही. वडिलांशी कुणी बोललेलं नाही, आणि माहितीला दुसरा आधार नाही. आणखी एक: ही बातमी उद्या रद्दीत जाणार नाही. मुलगी तीस वर्षांची होईल, नोकरी मागायला जाईल, कुणी तिचं नाव शोधेल, आणि पहिल्या ओळीत ‘दारुड्या बाप’ येईल.

दुसरा खण मूल्यांचा. इथे प्रामाणिक राहायला हवं. सत्य, करुणा, खासगीपण ही मूल्यं आहेतच. पण ‘बातमी गाजावी’ हेही आपलं मूल्य आहे, आणि ते न लिहिता पेटी भरली तर ते बाकीच्या तीन खणांत वेष पालटून शिरतं. त्याला उघडपणे खणात बसवलं, की त्याची खरी उंची दिसते.

तिसरा खण तत्त्वांचा. इथे तत्त्वज्ञांची मदत होते. इमॅन्युएल कांट विचारेल, तुम्ही या मुलीला कुणाच्या तरी भावना हलवण्याचं निव्वळ साधन तर करत नाही ना? जॉन स्टुअर्ट मिल विचारेल, एकूण भलं किती, बुरं किती? मला स्वतःला इथे जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेला अज्ञानाचा पडदा सगळ्यात उपयोगी पडतो. कल्पना करा, की उद्या सकाळी यांपैकी तुम्ही कोण असाल हे तुम्हाला माहीत नाही: ती मुलगी, तिची आई, तिचा बाप, वार्ताहर की लांबचा वाचक. आता सांगा, ही ओळ ठेवाल? वाचक म्हणून तुमचं फारसं काही बुडत नाही. मुलगी म्हणून शाळेत पाय ठेवणं जड जाईल. आणि आई म्हणून त्या रात्री घरात काय होईल, हा विचार पडद्यामागे गेल्याशिवाय कुणालाच सुचत नाही.

चौथा खण बांधिलकीचा: शेवटी मी कुणाशी निष्ठा ठेवतो आहे? वाचकाशी, संस्थेशी, सहकाऱ्याशी, की बातमीतल्या माणसाशी? पहिल्या तिन्ही खणांत एकमत झालेली माणसं इथे फुटतात. ते कळणं हाच पेटीचा मोठा फायदा. ‘तुला माणुसकी नाही’ आणि ‘तुला बातमी कळत नाही’ हे भांडण थांबतं. त्याऐवजी बोलता येतं, की चौथ्या खणात मी मुलीला पहिलं धरलंय, तू वाचकाला.

पेटी उत्तर देत नाही, आणि कुणी देते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पुढची पायरी मी तत्त्वज्ञ सिसेला बोक यांच्याकडून घेते. खोटं बोलण्याच्या नीतीवर १९७८ मध्ये लिहिताना त्यांनी तीन प्रश्न सुचवले. स्वतःच्या सद्सद्विवेकाला काय वाटतं? याच हेतूसाठी दुसरा, कमी आक्षेपार्ह मार्ग आहे का? आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सगळ्यांसमोर मी हा निर्णय उघडपणे मांडू शकेन का? यातला मधला प्रश्न सोन्याचा आहे. कारण ‘छापू की नको’ असे दोनच रस्ते दिसतात तिथे तो आणखी तीन दाखवतो. मुलीला फोन करून ती ओळ वाचून दाखवता येईल. ‘घरात शांतता मिळायची नाही’ एवढंच लिहिता येईल. व्यसनी पालकांच्या मुलांवर, कुणाचं नाव न घेता, वेगळा आणि खोल लेख करता येईल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. एक विद्यार्थिनी म्हणाली होती, ‘असं झाकत राहिलो म्हणूनच ही लाज त्या मुलांच्या मानगुटीवर बसते. तिला सांगायचं असेल तर?’ अगदी खरं. तिला सांगायचं असेल तर ते छापायचंच, आणि चांगल्या जागी. पण सांगायचा हक्क तिचा आहे. आईने दारात सांगितल्याने तो आपल्याकडे येत नाही.

होकार म्हणजे काय

‘हो’ या शब्दावर आपण फार भार टाकतो. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये फेरफार करून, आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी केला तर लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते तपासलं. अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला. खातं उघडताना लोकांनी अटी मान्य केल्या होत्या, असा बचाव होता. ज्या नियतकालिकाने तो अभ्यास छापला, त्याच्या संपादकांनाही संमतीबद्दल चिंता व्यक्त करणारं निवेदन काढावं लागलं.

होकार खरा व्हायला मला तीन गोष्टी लागतात असं वाटतं. कशाला हो म्हणतोय हे नेमकं माहीत असणं, नाही म्हणायची खरी मुभा असणं, आणि नंतर मन बदलायला थोडा वेळ असणं. सर्वेक्षण करणारे, जाहिरातीसाठी अनुभव मागणारे, संस्थेच्या अहवालात लाभार्थ्यांचे फोटो लावणारे, सगळ्यांनाच हे लागू आहे. मदत घेणारा माणूस मदत देणाऱ्याला फोटोसाठी ‘नाही’ म्हणू शकतो का? तो ‘हो’ म्हणतो, पण त्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो.

घाई

आता कबूल करायला हवं, की रात्री पावणेदहाला चार खणांची पेटी कुणी काढत नाही.

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत जायचं होतं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला दिसेल अशी व्यवस्था केली होती. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली कथा हा होता. मदत करायला थांबले कोण? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के, थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. दयेवर बोलायला निघालेली माणसं कण्हणाऱ्याला ओलांडून गेली.

मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. काम कुठे करायचं ते त्यातून कळतं. घाईत माणूस विचार करत नाही, हाताला जे वळण आहे तसं वागतो. म्हणून वळण घाई नसताना लावावं लागतं.

अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी, २७ जुलै १९९६ रोजी, एका उद्यानात बॉम्ब फुटला. रिचर्ड ज्यूएल या सुरक्षारक्षकाने संशयास्पद पिशवी आधीच हेरली होती, पोलिसांना सांगितलं होतं आणि लोकांना दूर करायला सुरुवात केली होती. तो नायक ठरला. तीनच दिवसांनी बातमी आली, की तपास यंत्रणा त्याच्यावरच संशय घेते आहे. मग कॅमेरे त्याच्या दारात बसले. ऑक्टोबरअखेर सरकारी वकिलांनी तो संशयित नसल्याचं लेखी कळवलं. खऱ्या गुन्हेगाराने, एरिक रुडॉल्फने, २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. हे उदाहरण मी देते ते एका गोष्टीसाठी: यंत्रणा त्याचा तपास करत होती, म्हणजे बातमी त्या अर्थाने खरी होती. ‘खरं आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर थांबलेल्या कुणीही ती छापलीच असती. दुसरा प्रश्न हवा होता: त्याच्यावर अजून आरोप ठेवलेला नाही, मग नाव आजच का? चार जणांनी आधीच दिलंय म्हणून? हे कारण घाईचं आहे. त्याचा वाचकाशी काही संबंध नाही.

तोंड उघडणं

रेस्ट यांच्या यादीतला शेवटचा घटक, तडीस नेणं, व्यवहारात बहुधा एकाच कृतीवर येऊन ठेपतो: वरिष्ठाला ‘थांबा’ म्हणणं. नव्या माणसाला हे जड जातं, आणि त्यात त्याचा दोष नाही. काय योग्य ते त्याला माहीत असतं, पण वाक्य तयार नसतं.

मेरी जेंटाइल या अभ्यासिकेने व्यवसायनीती शिकवताना हेच हेरलं. त्यांची ‘गिव्हिंग व्हॉइस टू व्हॅल्यूज’ ही पद्धत ‘काय योग्य?’ असं विचारत नाही. ती धरून चालते, की योग्य काय ते तुम्ही ठरवलं आहे. आता ते कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगाल? आणि ते मोठ्याने म्हणून पाहायला लावते. मी वर्गात हा सराव घेते तेव्हा सुरुवातीला सगळे भाषण देतात: ‘सर, हे नैतिकदृष्ट्या चूक आहे.’ असं म्हटलं की समोरचा बचावात जातो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत वाक्यं सुधारतात. ‘सर, मुलीने ही ओळ पाहिलेली नाही, मी दोन मिनिटांत फोन करून घेते.’ ‘वडिलांची बाजू नाही आपल्याकडे, ही ओळ आज अडचणीत आणेल.’ ही वाक्यं छोटी आहेत, त्यांत पुढची कृती आहे, आणि वरिष्ठाला माघार घेतल्यासारखं न वाटता ‘बरं, कर’ म्हणता येतं.

जनसंपर्कात हे आणखी कठीण, कारण तिथे पगार देणाऱ्याचीच बाजू मांडायची असते. तरी तिथेही उदाहरणं आहेत. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. विष कारखान्यात नव्हे, बाटल्या दुकानांत पोचल्यावर मिसळलं गेल्याचं दिसत होतं. ‘यात आमचा दोष नाही’ असं म्हणायला ते औषध बनवणारी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी मोकळी होती. तिने लोकांना हे औषध घेऊ नका असं सांगितलं, सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, आणि छेडछाड झाल्यास कळेल अशा वेष्टनात माल पुन्हा आणला. एका प्रसंगातला चांगला निर्णय कंपनीला कायमचं प्रमाणपत्र देत नाही. पण त्या दिवसांत पत्रकारांना काय सांगायचं हे ठरवणाऱ्यांनी, लोकांना जीव वाचवायला आधी काय कळलं पाहिजे, या प्रश्नाला पहिली जागा दिली होती.

सरावाच्या दोन वह्या

मी शिकणाऱ्यांना दोनच गोष्टी करायला सांगते, पण वर्षभर.

पहिली, निर्णयांची वही. रोज एक निर्णय, पाच ओळींत: काय समोर आलं, काय केलं, का केलं, कुणाला विचारलं, आणि कुणाला विचारायचं राहिलं. महिन्याने मागे वळून वाचलं की स्वतःच्या पळवाटा दिसतात. एकाच्या वहीत ‘वेळ नव्हता’ अकरा वेळा आलं होतं. पुढच्या महिन्यात त्याने फोन दुपारीच करायला सुरुवात केली.

दुसरी, दुरुस्त्यांची. चूक झाल्यावर दुरुस्ती लिहायची, पण तिथे भाषेची सगळी शिस्त पणाला लागते. ‘कालच्या वृत्तात अनवधानाने काही तपशील चुकीचे प्रसिद्ध झाले’ ही दुरुस्ती नव्हे. कोणता तपशील? कुणी चुकवला? खरं काय? चांगल्या दुरुस्तीत चूक काय होती, बरोबर काय आहे, आणि चूक आमची होती, हे तिन्ही असतं. ऑनलाइन मजकूर असेल तर गुपचूप बदलायचा नाही, बदलल्याची नोंद तिथेच ठेवायची. मी नवख्यांना दुसऱ्यांच्या जुन्या गोलमाल दुरुस्त्या नव्याने लिहायला देते. कर्ता परत वाक्यात आणताना त्यांना जे अवघडल्यासारखं होतं, ते मला हवंच असतं.

आता त्या मुलीकडे. पावणेदहा वाजलेत. सराव असलेली उपसंपादक पेटी काढत बसत नाही. ती बातमी वाचताना ‘दारुड्या’शी थांबते, वार्ताहराला विचारते, ‘हे कुणी सांगितलं? मुलीला माहीत आहे का आपण हे छापतोय?’ वार्ताहर नाही म्हणतो. ती म्हणते, ‘फोन लाव.’

वर्गात इथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘आणि फोन लागला नाही तर?’

तर ती ओळ आज जात नाही. मुलगी पहिली आल्याची बातमी जाते, फोटोसकट. पहिल्या परिच्छेदात जागा रिकामी होते, तिथे तिचंच एक वाक्य येतं: कुठलं गणित तीन दिवस सुटत नव्हतं आणि मग कसं सुटलं, त्याबद्दलचं. ते वार्ताहराच्या वहीत होतंच, दुसऱ्या पानावर. आई बोलायच्या आधी लिहून घेतलेलं.